घनफळ २४, मापं सांगा

फळ्यावर मी एवढंच लिहिलं: 'इष्टिकाचितीचं घनफळ २४ घसेमी आहे. तिची लांबी, रुंदी, उंची सांगा.' वर्ग आठवीचा. पहिल्या बाकावरून लगेच हात वर झाला. "बाई, दोन मापं द्यायची राहिली." राहिलेली नाहीत, गणित एवढंच आहे, असं सांगितल्यावर कुजबुज सुरू झाली आणि मागून कुणीतरी निकालच देऊन टाकला, "मग गणितच चुकलंय."

मुलांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. 'पृष्ठफळ व घनफळ' या धड्यापर्यंत येईस्तोवर त्यांनी सोडवलेली सगळी गणितं एकाच दिशेची असतात. तीन मापं दिलेली, घनफळ काढा. फार तर घनफळ आणि दोन मापं देऊन तिसरं विचारतात; एक भागाकार केला की सुटलं. टाकीत पाणी किती मावेल, भिंतीला विटा किती लागतील, सगळं तसंच. मुलं आकडे उचलतात, गुणतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात. पेटी डोळ्यांपुढे येत नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. बार्शी तालुक्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे. घनफळाची दहा गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलाला "चोवीस घनांची एक पेटी रचून दाखव" म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो, हे इतक्यांदा झालं की शेवटी प्रश्नच उलटा करायचा ठरवला.

त्यासाठी ठोकळे हवे होते. गावातल्या सुताराकडून सेंटिमीटर-सेंटिमीटरचे लाकडी घन कापून घ्यावेत असं मनात होतं. त्यानंच नको म्हणून सांगितलं. "बाई, करवत स्वतःच दीड-दोन मिलिमीटर लाकूड खाते. एवढ्या बारक्या तुकड्यांत दोन सारखे निघायचे नाहीत. रचायला घेतलेत की भिंत वाकडी." मग बार्शीच्या बाजारातून लुडोचे फासे घाऊक आणले. फाशांची मापं एकसारखी असतात, पडले तरी फुटत नाहीत, आणि पोरं ते बघूनच खूश होतात. कोपरे थोडे गोलसर असल्यानं उंच रचलं की घसरतात, हा एक दोष. शिवाय फासे हातात पडल्यावर पहिला काही वेळ गणित होत नाही. तो वेळ देऊन टाकावा, त्यात कंजुषी करू नये.

प्रत्येक गटाला २४ फासे. पहिली पेटी सगळ्या गटांत तीच निघाली: २, ३ आणि ४. दुसरी २, २ आणि ६. मग गाडी अडली. कारण पेटी म्हटली की ती तिन्ही अंगांनी जाडजूड असायला हवी, असं मुलांनी धरलेलं. एकाच थराची चार बाय सहाची फरशीसुद्धा इष्टिकाचितीच आहे, हे पटायला वेळ लागला. ते पटल्यावर ३ बाय ८ आणि २ बाय १२ भराभर आल्या. राहिली चोवीस फाशांची सरळ रांग, आणि तिच्यावरून भांडण लागलं.

"ही काठी आहे. पेटी नाही."

"काठीला तीन मापं नसतात व्हय?"

मी मधे पडले नाही. एका मुलीनं उठून त्या रांगेची पृष्ठं मोजली, कडा मोजल्या, कोपरे मोजले. सहा, बारा, आठ. पुस्तकातल्या चित्रात जेवढे तेवढेच. काठीवाले गप्प झाले, पण नाराजीनं. त्यातल्या एकानं वहीत '१ × १ × २४' लिहून पुढं कंसात 'काठी' असं लिहिलं ते लिहिलंच.

त्यानंतरचं भांडण मला जास्त आवडलं. एका गटानं २ × ३ × ४ आणि ४ × ३ × २ अशा दोन वेगळ्या पेट्या मोजल्या होत्या. बाकीचे हसले, पेटी तीच, फक्त आडवी केली. त्या गटातल्या मुलाचे वडील टेम्पो चालवतात. तो म्हणाला, "फ्रीज आडवा नेला तर दुकानदार ओरडतो. मग तीच पेटी कशी?" याला उत्तर काय द्यायचं? दोन्ही बरोबर आहेत. पेटी जिन्यातून न्यायची असेल, ट्रकमध्ये लावायची असेल, तर कुठलं माप वर हे महत्त्वाचंच. तसं मोजलं तर चोवीसच्या तीस मांडण्या होतात. पेटी हातात घेऊन कशीही फिरवली तरी तीच मानली, तर मोजकीच उरतात. आधी काय मोजायचं ते ठरवा, मग मोजा. वर्गानं फिरवलेली पेटी तीच मानायचं ठरवलं, टेम्पोवाल्याच्या पोरानं विरोध नोंदवून.

आता यादी झाली: १-१-२४, १-२-१२, १-३-८, १-४-६, २-२-६, २-३-४. सहा पेट्या. मी विचारलं, "सातवी आहे का?"

सगळे गप्प. मग "नसेल." मग "आम्ही लई शोधलं, नाही सापडली." माझ्या मते या गणिताचा सगळा जीव या एका प्रश्नात आहे. शोधून न सापडणं आणि नसणं यांत फरक आहे, आणि तो शिकवायला घनफळाच्या उलट्या प्रश्नासारखी सोयीची जागा आठवीच्या गणितात मला तरी दुसरी सापडलेली नाही.

हुशार मुलांनी मूळ अवयव पाडले. २४ म्हणजे २ × २ × २ × ३. हे चार अवयव तीन बाजूंत वाटून टाकायचे. विचार चांगला, पण वाटताना तीच पेटी पुनःपुन्हा येते. दोन वेळा आली की खोडायची, तीन वेळा आली की खोडायची, आणि खोडाखोडीत एखादी खरीच गळते. एका गटाची १-३-८ अशीच गेली होती.

वाट सापडली ती एरवी गणितात फारसं न बोलणाऱ्या एका मुलीला. तिनं वहीत तीन रकाने आखले होते: लहान, मधलं, मोठं. नियम एकच. उजवीकडचा आकडा डावीकडच्यापेक्षा लहान येऊ द्यायचा नाही. सारखा आला तर चालेल. लहान रकान्यात १ घेतला की उरलेल्या दोघांचा गुणाकार २४ हवा: १ आणि २४, २ आणि १२, ३ आणि ८, ४ आणि ६. पुढं पाचनं भाग जात नाही, आणि सहा घेतले तर मोठ्या रकान्यात चार येतात, म्हणजे नियम मोडतो. झालं, चार पेट्या. लहान रकान्यात २ घेतले की उरलेला गुणाकार १२: २ आणि ६, ३ आणि ४. दोन पेट्या. मग ती थांबली होती.

"तीन का नाही घेतले?" मी विचारलं.

"तीन घेतले तर बाकीचे दोघे तीन किंवा जास्तच. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. चोवीसच्या वर गेलं की बाई."

म्हणजे सातवी पेटी नाही. आता 'सापडली नाही' असं म्हणायची गरज उरली नाही. घनमूळ हा शब्द तिनं उच्चारला नाही, पण लहानात लहान माप घनफळाच्या घनमुळापुढं जाऊ शकत नाही, हेच ती सांगत होती. एरवी घनमूळ आलं की मुलं विचारतात, याचा उपयोग काय. त्या वर्गानं विचारलं नाही.

एकदा रकाने हाती आले म्हटल्यावर पोरं सुटली. आपापले आकडे घेऊन बसली. २३ घेणाऱ्याचा विरस झाला. मूळ संख्या, काठीशिवाय काही निघत नाही. ६४ ला सात पेट्या निघाल्या, त्यात ४-४-४ हा पुरा घन. ३६ ला आठ. फासे जास्त म्हणून पेट्या जास्त असं काही नसतं. ६४ पेक्षा ३६ ला एक जास्त कशी, यावर मधल्या सुट्टीतही वाद चालला. उत्तर मूळ अवयवांत आहे. ६४ मध्ये नुसते दोनच दोन आहेत, ३६ मध्ये दोन आणि तीन मिसळलेले आहेत, त्यामुळं वाटणीच्या तऱ्हा वाढतात.

३६ वरून आठवलं. मी एक पेटी मनात धरली आणि सांगितलं, घनफळ ३६, आणि तिन्ही मापांची बेरीज १३. आता तरी एकच उत्तर यायला हवं, अशी मुलांची खात्री. दोन आली: १-६-६ आणि २-२-९. एकाला वाटलं मी फसवते आहे. आठही पेट्यांच्या बेरजा करून बघा म्हटलं. १० पासून ३८ पर्यंत सगळ्या वेगवेगळ्या निघाल्या, फक्त ही जोडी सोडून. हे कोडं वयांच्या रूपात जुनं आहे, तीन मुलींची वयं ओळखा म्हणून. फाशांवर ते जास्त पटतं.

पुठ्ठ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिनं माझ्याही ज्ञानात भर टाकली. पृष्ठफळाचा भाग शिकवताना आम्ही त्याच सहा पेट्यांना कागद गुंडाळायला किती लागेल ते काढलं होतं. काठीला ९८ चौरस सेंटिमीटर, २-३-४ ला ५२, बाकीच्या मधे. जेवढी पेटी घनाच्या जवळ तेवढा कागद कमी, हे पुस्तकी सत्य मुलांच्या हाती लागलं. दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चाकणच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात तो काम करतो. त्याला मी कौतुकानं हे सांगितलं, तर म्हणाला, "बाई, आमच्याकडं घन महाग पडतो."

मग त्यानं टेबलावरचा कागद घेऊन घडी घालून दाखवलं. नेहमीचं तपकिरी खोकं एका सपाट तुकड्यातून होतं. चार भिंती एका ओळीत, आणि प्रत्येक भिंतीला वर-खाली झाकणाच्या पाकळ्या, ज्यांना कारखान्यात फ्लॅप म्हणतात. बाहेरच्या दोन पाकळ्या मधोमध येऊन भिडल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक पाकळी खोक्याच्या रुंदीच्या निम्मी. आतल्या दोन पाकळ्यांची उंचीही तेवढीच कापतात, त्या भिडोत न भिडोत. म्हणजे वर आणि खाली, आतल्या पाकळ्या पोचतात तिथं, पुठ्ठा दुहेरी बसतो. पुठ्ठ्याची लांबी किती? लांबी आणि रुंदीच्या बेरजेची दुप्पट. पुठ्ठ्याची रुंदी किती? खोक्याची उंची अधिक खोक्याची रुंदी. चिकटवायची पट्टी सोडून देऊ. रुंदी दोन्हीकडं येते आणि पाकळ्यांमुळं जास्तीचा पुठ्ठा खाते. म्हणून रुंदी कमी ठेवायची, लांबी आणि उंची सारखी, रुंदी त्यांच्या निम्मी. तिथं पुठ्ठा सगळ्यात कमी लागतो.

सुट्टीनंतर मी हे वर्गात नेलं. ३६ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असे दोन सारखे पुठ्ठे. एकावर घड्यांच्या रेघा अशा आखल्या की ९-९-९ चा घन व्हावा. दुसऱ्यावर अशा की लांबी १२, रुंदी ६, उंची १२ व्हावी. मापं ताडून बघा: पहिल्यात नऊ नि नऊ अठरा, त्याची दुप्पट ३६, आणि उंची-रुंदी मिळून १८. दुसऱ्यात बारा नि सहा अठरा, दुप्पट ३६, आणि उंची-रुंदी मिळून पुन्हा १८. पुठ्ठा तोच, नुसत्या घड्या सरकल्या. घनात मावतात ७२९ घसेमी, दुसऱ्यात ८६४. मुलांनी घन काठोकाठ ज्वारीनं भरला आणि ती ज्वारी दुसऱ्या खोक्यात ओतली. वर जवळजवळ दोन सेंटिमीटर जागा रिकामी राहिली. आमच्या भागात ज्वारी मोजायला लहानपणापासून सगळ्यांचे हात सरावलेले, त्यामुळं हातचलाखीचा संशय कुणी घेतला नाही. पण "घनाला कागद कमी लागतो" असं वहीत लिहून ठेवलेल्या मुलांनी मला जाब विचारला. दोन्ही खरं आहे. कागद नुसता गुंडाळायचा तर घन स्वस्त. पाकळ्यांचं खोकं करायचं तर रुंदी निम्मी ठेवा.

आणि तो विद्यार्थी जाता जाता आणखी एक म्हणाला होता. कारखान्यात घनफळ सांगून कुणी खोकं मागतच नाही, आत काय ठेवायचं ते सांगतात. चोवीस बाटल्या असतील तर २-३-४ कितीही काटकसरीची असली तरी उपयोगाची नाही, बाटल्यांवर बाटल्या रचल्या की खालच्या फुटतात. म्हणून थंड पेयांच्या चोवीस बाटल्यांचा क्रेट चार बाय सहाचा असतो, एक थर. आमच्या यादीतली ती १-४-६, जिला मुलं पेटी मानायलाच तयार नव्हती.

दुसरा दाखला बांधकामावरचा. एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यांना म्हटलं, मिस्त्री, तुमचा फरमा एक दिवस शाळेत आणाल का? त्यांनी सायकलला बांधून आणला. पत्र्याची पेटी, दोन्ही कडांना धरायला मुठी. सिमेंटचं पन्नास किलोचं पोतं साधारण ३५ लिटर जागा घेतं, म्हणून वाळू आणि खडी मोजायचा फरमाही ३५ लिटरचा. एकास दोन, चार म्हणजे एक पोतं सिमेंट, दोन फरमे वाळू, चार फरमे खडी. मुलांनी आतून मापं घेतली: ४०, ३५ आणि २५ सेंटिमीटर. गुणाकार ३५,०००. लिटरला हजार घसेमी, म्हणजे बरोबर ३५ लिटर.

मग ओघानंच प्रश्न आला. हीच मापं का? ३५,००० चे मूळ अवयव म्हणजे तीन दोन, चार पाच आणि एक सात. पूर्ण सेंटिमीटरच्या सगळ्या पेट्या मांडल्या तर ७८ होतात. त्यातली काठी ३५० मीटर लांब. शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत जाईल, असं एकानं लगेच सांगितलं. मुलांनी मिस्त्रींना विचारून अटी घातल्या. वाळूनं भरलेला फरमा पन्नास किलोच्या वर जातो, तो दोघांनी उचलायचा, म्हणून कुठलीही बाजू ५० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. फावड्यानं भरायचा, म्हणून कुठलीही बाजू २० पेक्षा लहान नको. ३५,००० ला नि:शेष भाग देणाऱ्या संख्या २० ते ५० मध्ये सहाच आहेत: २०, २५, २८, ३५, ४०, ५०. त्यातून पेट्या उरल्या तीन. २०-३५-५०, २५-२८-५० आणि २५-३५-४०.

अठ्ठ्याहत्तरातून तीन! मिस्त्रींचा फरमा त्यातला एक. बाकीच्या दोन का नाही, हेही त्यांनीच सांगितलं. "पन्नासचा केला की पत्रा मधे पोट काढतो. पोट काढलं की माल जास्त जातो, मग माप कसलं?" म्हणजे घनफळावरून मापं काढायची आणि त्या मापांनी घनफळ सांभाळलं पाहिजे, ही अट तर आमच्या यादीत कुठंच नव्हती. इंचात काम करणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा फरमा १५, १२ आणि १२ इंचांचा असे, सव्वा घनफुटाचा, हेही त्यांनी सांगितलं. लिटरमध्ये तो साडेपस्तीसच्या आतबाहेर येतो. वाळूच्या ब्रासचं तर आमच्या मुलांना ट्रॉलीवरूनच पाठ आहे. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा फूट लांब, पाच फूट रुंद ट्रॉलीत दोन फूट उंचीपर्यंत वाळू.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त विटांच्या राशींवर वेगळं प्रकरण आहे, तेही मी त्या दिवशी सांगून टाकलं. तिथलं उदाहरण असं: वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ उंच, रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच, विटा किती? हाताची २४ अंगुळं धरली की उत्तर २५६० येतं. बाराव्या शतकातलं पुस्तक, पण दिशा आमच्या पुस्तकाचीच: मापं दिलेली, संख्या काढा. मुलांनी ते उलटं केलं. १२० घनहात विटा आहेत, हातांच्या पूर्ण मापांत किती प्रकारच्या राशी? ५-८-३ तर आहेच, ४-५-६ पण आहे, २-६-१० पण. बाकीच्या त्यांनी घरून काढून आणल्या.

सगळ्यात अवघड प्रश्न एका मुलानं अगदी सहज विचारला. "बाई, अर्धा चालेल का?" दीड, चार, चार. गुणाकार २४. फाशांनी रचता येत नाही, पण साबणाची वडी अशी असू शकते. अर्धा चालतो म्हटल्यावर पाव का नाही, आणि मग काहीच अडत नाही. लांबी हवी ती घ्या, रुंदी हवी ती घ्या, २४ ला त्यांच्या गुणाकारानं भागा, उंची मिळाली. पाच बाय पाच घेतलं तर उंची ०.९६. एक मीटर बाय एक मीटरचा ताव घेतला तर जाडी ०.००२४ सेंटिमीटर, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीइतकी. चोवीस फाशांच्या ऐवजी चोवीस घसेमी मेण घेतलं की पेट्या मोजताच येत नाहीत. पूर्ण संख्यांची अट होती म्हणून सहा होत्या. ती अट मी फळ्यावर लिहिली नव्हती, फाशांनी ती आपोआप घातली होती. मुलाला म्हटलं, चालतो, आणि तुझी यादी आता कधीच संपणार नाही. तो जरा घाबरलाच.

असाच प्रश्न बीजगणितात येतो तेव्हा त्याचं काय होतं, ते माझ्या भाच्यामुळं कळलं. तो पुण्यात सीबीएसईच्या शाळेत. नववीत असताना एकदा फोन केला. बहुपदींच्या धड्यात एनसीईआरटीच्या पुस्तकाचं गणित होतं: इष्टिकाचितीचं घनफळ ३क्ष² − १२क्ष असेल तर तिच्या मापांच्या शक्य राशी कोणत्या? अवयव पाडले की ३, क्ष आणि क्ष − ४. "मावशी, मी १, ३क्ष आणि क्ष − ४ लिहिलं. चूक दिलंय." पुस्तकातल्या उत्तरसूचीत स्पष्ट लिहिलेलं आहे की हे एक शक्य उत्तर आहे. 'शक्य' हा शब्द प्रश्नात आहे, उत्तरात आहे, फक्त तपासणाऱ्याच्या पेनात नव्हता. त्याला म्हटलं, क्षच्या जागी १० घाल. ३ × १० × ६ म्हणजे १८०, आणि तुझं १ × ३० × ६ म्हणजेही १८०. आता क्षच्या जागी ३ घालून बघ. क्ष − ४ ऋण आलं. म्हणजे क्ष चारपेक्षा मोठाच हवा, नाहीतर पेटीच नाही. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, पण खरं तर विचारायला हवं होतं.

आमच्या शाळेतही आक्षेप आलाच. एक सहकारी म्हणाले, "वर्गात ठीक आहे हो बाई, पण हे पेपरात कसं तपासायचं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं." त्यांची अडचण खोटी नव्हती. चार पर्यायांतला एक गोल काळा करायच्या परीक्षेत हा प्रश्न मरतो. पण घटक चाचणी आपलीच असते. मी पाच गुणांचा प्रश्न घालते: दोन गुण यादीला, तीन गुण यादी पूर्ण का आहे हे सांगायला. यादीत एक कमी असली आणि कारण नीट लिहिलं असलं तर मुलाला स्वतःलाच राहिलेली पेटी दिसते. कित्येकदा पेपर परत मिळाल्यावर ती मुलं येऊन सांगतात. तपासायला वेळ जास्त लागतो, हे मान्य. मला तो वाया गेलेला वाटत नाही.

तुमच्या घरी पाचवीच्या पुढचं मूल असेल तर फाशांचीही गरज नाही. कागदावर तीन रकाने आखून द्या, घनफळ ६० सांगा, आणि सगळ्या पेट्या मागा. दहा येतात. नऊवर थांबलं तर उत्तर सांगू नका. बहुतेक वेळा २, २, १५ राहिलेली असते.